डिकीतला झोपलेला ॲम्प

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या दुकानातून गाडीत नवीन म्युझिक सेट बसवून निघालो तेव्हा रेडिओ झकास वाजत होता. फिटर पोराने स्टेशनं बदलून दाखवली, आवाज वर-खाली करून दाखवला, "बघा साहेब, कपलर-टू-कपलर काम, टेन्शनच नाही" म्हणत मजुरीचे ८०० रुपये घेतले. गोविंदनगरपर्यंत मी रेडिओच ऐकला. मग फोन जोडला, गाणं लावलं आणि गाडीत सामसूम. पडद्यावर गाणं पुढे सरकतंय, सेकंद मोजले जातायत, आवाज मात्र नाही. परत रेडिओ लावला तर वाजतो. परत ब्लूटूथ, परत सामसूम. इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत मी हा खेळ दहा वेळा तरी केला असेल.

गाडी सेकंडहँड, २०११ची सेडान. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यात गाडीचा काडीचाही दोष नाही. हे सगळ्यात वरचं मॉडेल असल्यामुळे तिच्यात कंपनीनेच दिलेली 'प्रीमियम' सिस्टीम होती: चार दारांत चार स्पीकर, पुढे दोन ट्विटर (वरच्या सुरांचे), मागच्या काचेखाली वूफर (खर्जाचा), आणि डिकीत डाव्या अस्तरामागे वेगळा ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प. खरं सांगायचं तर मी ही गाडी घेतली त्यातलं निम्मं कारण तो आवाज होता. पुढे मूळ सेटचा डिस्प्ले मेला. त्याआधी त्याने एक सीडी गिळली होती, ती काही केल्या परत दिली नाही. सीडी साधीसुधी नव्हती. आमच्या हिच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मामेभावाने कधीतरी घरीच रेकॉर्ड केल्या होत्या, त्यांची ती एकुलती एक प्रत. त्यामुळे या सेटबद्दल घरात आधीच बरंच बोलून झालं होतं.

तसाच मूळ सेट मागवायचा तर आकडा ऐकूनच गप्प बसलो. जागा डबल डिन मापाची, म्हणजे साधारण १८० बाय १०० मिलिमीटर, तेव्हा बाजारातला कुठलाही सात इंची टचस्क्रीन सेट बसणार होता. बसलाही. बसणं आणि वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला शनिवारी दुपारी कळलं.

मी अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग बघतो. वीस वर्षं तारांच्या टोकांना लग दाबून बसवण्यात, म्हणजे क्रिंप करण्यात, आणि वायरींवरच्या फेरूलचे नंबर जुळवण्यात गेली. अशा माणसाने बारा व्होल्टच्या चार वायरींसाठी दुकानात जावं याची मला थोडी लाज वाटतेच. पण डॅशबोर्डच्या क्लिपा तुटायची भीती मोठी असते. शॉपमधल्या सहकाऱ्याला फोन करून लक्षण सांगितलं. तो गाडीच्या भानगडीत कधी पडलेला नाही, पण त्याने एका वाक्यात बोट ठेवलं. "रेडिओवर पिकअप घेतो आणि ब्लूटूथवर ड्रॉप होतो ना? मग स्पीकर कशाला बघतोस, कॉइलला सप्लाय कुठून येतो ते बघ."

ही आमची रिलेची भाषा: कॉइलला सप्लाय आला की रिले पिकअप घेतो, म्हणजे चालू होतो, सप्लाय गेला की ड्रॉप. फोन ठेवला आणि चटकन उजेड पडला.

साध्या गाडीत ॲम्प्लिफायर सेटच्या पोटातच असतो. पिवळी वायर कायमचा बारा व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावरचा, काळी अर्थ, म्हणजे अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या थेट चार स्पीकरना जातात, जोडीतली काळ्या पट्ट्याची वायर निगेटिव्ह. बाजारातल्या बहुतेक सेटना हेच रंग, म्हणून फिटर डोळे मिटून जोडतात आणि तासाभरात गाडी बाहेर काढतात. माझ्यासारख्या गाडीत मात्र सेट हा नुसता सांगकाम्या. तो बारीकसा सिग्नल मागे पाठवतो, ताकद लावतो डिकीतला ॲम्प. आणि हा ॲम्प चावी फिरवली म्हणून उठत नाही. सेटने एका वेगळ्या वायरवर बारा व्होल्ट दिले तरच तो जागा होतो. त्यासाठी नवीन सेटला निळी वायर असते, तिच्यावर पांढरा पट्टा. सेट चालू आहे तोवर, काहीही वाजवा, तिच्यावर करंट असतो. तिच्या शेजारी आणखी एक निळी असते, बिनपट्ट्याची. ती अँटेनासाठी. बऱ्याच सेटमध्ये हिच्यावर फक्त रेडिओ चालू असतानाच करंट येतो.

डॅश उघडला. क्लिपा एकही तुटली नाही, उगाच घाबरलो होतो. पोराने ॲम्पची वायर बिनपट्ट्याच्या निळीला जोडली होती. दुकानात आधी काहीच वाजेना तेव्हा तो वीस मिनिटं आत हात घालून बसला होता, ती वीस मिनिटं ही. पट्टेवाली तशीच टेप मारून मोकळी सोडलेली. आणि तपासलं रेडिओवर, कारण दुकानात तपासायला रेडिओच सोपा.

इथे मी काय करायला हवं होतं? पट्टेवाली वायर जोडायची आणि झोपायला जायचं. मी काय केलं? ॲम्प ठीक आहे ना हे बघायला त्याची वायर तात्पुरती पिवळीला, म्हणजे कायमच्या करंटला जोडली. ब्लूटूथ लावलं. वाजलं! पण काय वाजलं ते विचारू नका. आवाजाच्या पट्टीवर सहाला अख्खी सोसायटी हादरावी इतकं, दोनला नीट ऐकू न यावं इतकं, गाण्याच्या मागे सतत 'स्सSS' अशी पावसासारखी सळसळ, आणि चढ्या सुराला पत्रा कापल्यासारखा फाटका आवाज. त्या नादात मी मूळ गोष्ट विसरलो. डॅश तसाच टेकवून ठेवला आणि वर गेलो. रविवारी भावाच्या गाडीने त्र्यंबकला जायचं होतं, गेलो. सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. ॲम्प शनिवार रात्रीपासून जागा होता, बिचारा दीड दिवस काहीही न वाजवता बॅटरी पीत बसला होता. सोसायटीतल्या दोघांनी धक्का दिला तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. त्यातल्या एका काकांनी विचारलं, "तुम्ही इलेक्ट्रिकलमध्येच ना?" मी हो म्हटलं.

तो आठवडा संध्याकाळी मीटर घेऊन पार्किंगमध्ये काढला. सगळ्यात उपयोगी पडलेली मोजणी सगळ्यात सोपी होती. सेटच्या मागच्या मूळ कपलरवर, म्हणजे वायरींच्या प्लगवर, स्पीकरच्या म्हणून ज्या जोड्या समजतो, त्यांच्यात मीटरने रोध मोजायचा. थेट स्पीकर असेल तर ४ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेतीनच्या आसपास आकडा येतो. माझ्याकडे किलो-ओहम, म्हणजे हजारांत आले. म्हणजे पलीकडे स्पीकर नाहीच, ॲम्पचं इनपुट आहे. कुठल्याही गाडीत नवीन सेट लावण्याआधी ही मोजणी दोन मिनिटांत होते. दुकानात ती कोणी केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग जुना सेट परत जोडला. डिस्प्ले मेला असला तरी त्याचा रेडिओ चालत होता, आणि यासाठीच जुना सेट लगेच भंगारात द्यायचा नाही. तो पूर्ण आवाजावर नेऊन त्या जोड्यांवर एसी व्होल्ट बघितले तर दीडच्या वर आकडा गेला नाही. आता नवीन सेटकडे बघू. डब्यावर मोठ्या अक्षरात ५० वॅट गुणिले ४, आत पुस्तिकेत बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, २२ वॅट. ४ ओहमवर २२ वॅट म्हणजे नऊ व्होल्टच्या वर. दीड व्होल्टची सवय असलेल्या इनपुटमध्ये पोराने नऊ व्होल्टचं आउटपुट कोंबलं होतं. आधी सेटमधल्या ॲम्पने वाढवलेलं, मग डिकीतल्याने पुन्हा वाढवलेलं. ती सळसळही सेटच्या ॲम्पची स्वतःची, एरवी ऐकूही न येणारी, पण दुसऱ्या ॲम्पने तीही इमानदारीने मोठी करून दाखवली.

दुकानात फोन केला तर पोराने तोडगा सांगितला, "ॲम्प काढून टाकू ना साहेब, डायरेक्ट स्पीकरला मारू." हे बरेच जण करतात आणि काही गाड्यांत ते चालतंही. म्हणून मी डिकीतल्या कपलरवर पुढच्या दाराचा स्पीकर मोजला. मीटरच्या दोन पिनी एकमेकींना टेकवल्यावर येणारे ०.२ वजा केले तर उरले १.७. म्हणजे हा २ ओहमचा स्पीकर. प्रीमियम सिस्टीममध्ये असे कमी ओहमचे स्पीकर सर्रास असतात, कारण बारा व्होल्टवर त्यांच्यातून जास्त ताकद काढता येते. पण नवीन सेटच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, ४ ते ८ ओहम. २ ओहमला जोडला असता तर सेट तापून बंद पडला असता, नाहीतर कायमचा गेला असता. शिवाय वूफरला फक्त खर्जातलंच पाठवायचं, ट्विटरला वरचं, ही वाटणीही त्या ॲम्पमध्येच होते, आणि या गाडीच्या आतल्या जागेला शोभेल असा आवाज कंपनीने तिथेच बसवलेला असतो. ॲम्प काढला की ज्यासाठी ही गाडी घेतली तेच काढून टाकल्यासारखं. मी नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला खाली उतरलो. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि दहा मिनिटं नुसता चहा प्यायलो. एअरबॅगच्या गाडीत ही चहाची दहा मिनिटं चुकवायची नाहीत, आणि डॅशमध्ये पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजून हात लावायचा नाही. नवीन सेटच्या पाठीवर लाल-पांढऱ्या आरसीए खोबण्या होत्या, पुढची जोडी, मागची जोडी आणि वूफरची. तिथून २ व्होल्टचा स्वच्छ, न वाढवलेला सिग्नल मिळतो. काम एवढंच, की स्पीकरच्या वायरी सोडून द्यायच्या आणि आरसीएमधून ॲम्पला सिग्नल द्यायचा. आरसीए केबलची एक बाजू कापली. आतली तार जोडीतल्या प्लसला, बाहेरची जाळी मायनसला. कापायचं ते फक्त बाजारातल्या ॲडॉप्टरला. गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लावली की उद्या गाडी विकताना घेणारा तोंड वाकडं करतो, आणि तसं करायचा त्याला हक्कही असतो.

पोराने वायरी पिळून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि उघडी तार मागे उरते. मी प्रत्येक जोड क्रिंप केला, वर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवली, अख्खा गुच्छ कापडी टेपने बांधला. कापडी टेपने आणखी एक होतं, वायरी डॅशला आपटून खडखडत नाहीत. यात दोन तास गेले. शॉपमधल्या पोरांना मी जे ओरडून सांगतो ते स्वतः करताना फार लांबलचक वाटतं.

एक गफलत झाली. आळस करून आधी पुढचीच जोडी जोडली, म्हटलं बघू. वूफर मुका. मग लक्षात आलं की या गाडीचा ॲम्प वूफरसाठीचा सिग्नल मागच्या जोडीतून घेतो. मागची जोडी दिली आणि मागची काच थरथरली. सेटची वूफरवाली खोबण रिकामीच राहिली, तिची गरजच नव्हती.

आता पट्टेवाली निळी ॲम्पला. बॅटरी जोडली, सेट लावला. सळसळ गेली, फाटका आवाज गेला, तंबोरा तंबोऱ्यासारखा वाजला. मी इंजिन सुरू केलं आणि तंबोऱ्याच्या मागे एक शिट्टी आली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. ही अल्टरनेटरची शिट्टी, गाडीत वायरिंग केलेल्या प्रत्येकाला ओळखीची.

सगळे सांगतात ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. एमजी रोडवरून आणला. छोट्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल पलीकडे जातो पण अर्थ तुटते. शिट्टी गेली. खर्जही गेला. स्वस्तातल्या डबीतला तो चिमुकला ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना पेलतच नाही. पखवाजाची डफली झाली. डबी काढून टाकली आणि जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू ठेवून सेटच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजले. ०.३८. तिथे जवळपास शून्य हवं. मागे हात घातला तर काळी वायर डॅशच्या एका पट्टीला स्क्रूने आवळलेली, आणि पट्टीवर छान काळा रंग. रंगावर अर्थ! पॅनेलच्या दाराला रंग न खरवडता अर्थिंग जोडलं म्हणून मी महिन्यापूर्वीच एका ट्रेनीला झापलं होतं.

गुडघ्याजवळच्या पॅनेलमागे गाडीचा मूळ अर्थ बोल्ट असतो. तिथली जागा घासून लग लावला, आवळला. मीटरवर ०.०२. शिट्टी गायब. कारण सांगायचं तर ॲम्पचं इनपुट दोन्ही वायरींमधला फरक तेवढा ऐकतं, दोन्हींवर सारखी आलेली घाण बरीचशी गाळून टाकतं. मूळ सेट दोन्ही वायरींवर उलटसुलट सिग्नल द्यायचा, तेव्हा ही गाळणी चोख चालायची. आरसीएमध्ये एका बाजूला सिग्नल आणि दुसऱ्या बाजूला नुसती अर्थ, म्हणून अर्थ खराब असेल तर ती गाळणी पुरी पडत नाही. अर्थ सुधारली, गाळणीला पुरलं.

संध्याकाळी पाथर्डी फाट्यावरून मुंबईच्या दिशेने काढली गाडी. पांडवलेणी ओलांडून विल्होळीकडे जाताना आकाशवाणी खरखरायला लागली. पूर्वी इथे कधी खरखर नव्हती. थोडं डोकं खाजवल्यावर हसू आलं. गाडीची अँटेना मागच्या काचेत, तिला छोटा बूस्टर असतो आणि त्याला करंट लागतो. तो करंट जिने द्यायचा ती बिनपट्ट्याची निळी इतके दिवस भलत्याच कामाला लावली होती, आणि आता मोकळी लोंबत होती. गावात स्टेशन जवळ म्हणून फरक कळत नव्हता. घरी येऊन ती अँटेनाला दिली. प्रत्येक वायर आपापल्या जागी पोचली. स्टीअरिंगची बटणं सेटला शिकवायला पाच मिनिटं लागली. माझ्या गाडीत प्रत्येक बटणाचा रोध वेगळा असतो आणि सेट तो लक्षात ठेवतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. इक्वलायझर मात्र सगळा सपाट ठेवला. मागे ॲम्प आपली ट्यूनिंग करतोच, त्यावर पुढून आणखी बेस चढवला की नुसता चिखल होतो.

हे सगळं माझ्या गाडीत जमलं कारण तिच्यात सेट आणि ॲम्पमध्ये साध्या तारा आहेत. त्याच काळातल्या बऱ्याच महागड्या जर्मन गाड्यांत तिथे मोस्ट नावाची फायबरची रिंग असते. सेट काढला की रिंग तुटते आणि ॲम्पला काही ऐकूच येत नाही, मग त्या गाडीसाठीचं वेगळं इंटरफेस मॉड्यूल घ्यावं लागतं. आणि हल्लीच्या गाड्यांत एसी, कॅमेरा, सेटिंग सगळं त्या एकाच पडद्यात. त्यांचा सेट बदलायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

महिन्याभराने त्याच दुकानासमोरून जाताना थांबलो. भांडायला नव्हे, पण सांगायचं होतं. पोराने दोन निळ्यांची गोष्ट नीट ऐकली, मोबाइलमध्ये माझ्या जोडणीचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "साहेब, अशी गाडी वर्षातून एखादीच येते, आणि शेठ तासाला एक गाडी मागतो." पैसे परत देऊ का असंही विचारलं. मी नको म्हटलं. रंगावरच्या अर्थबद्दल मात्र सांगितलं.

जुना सेट जेवणाच्या टेबलावर उघडला. वरचं झाकण सहा स्क्रूंचं, आत एक प्लॅस्टिकचा दात तुटलेला आणि त्याखाली सीडी, ओरखडासुद्धा नाही. आता गंमत अशी की नवीन सेटला सीडीची फटच नाही. शेजाऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती पेन ड्राइव्हमध्ये उतरवली आणि हिला गाडीत बसवून गंगापूर धरणाकडे नेलं. जात्याची घरघर वूफरमधून अशी आली की आधी मला वाटलं परत कुठेतरी अर्थ सुटली. ही थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "अहो, आवाज जरा कमी करा. आजी एवढ्या मोठ्याने नव्हती हो म्हणत."